जुन्या मोटारीतील दुसरा तापमापक : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात मापनाच्या इतिहासाचा एक अभ्यास

सारांश

जुन्या मोटारीत मूळ तापमापकाच्या जोडीला दुसरा तापमापक बसवावा की नाही, हा प्रश्न वरकरणी केवळ यांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासाचाही प्रश्न आहे. मोटारीचे मूळ स्वरूप जपणे व तिचे इंजिन जपणे ही दोन्ही कर्तव्ये येथे परस्परांसमोर उभी राहतात. प्रस्तुत लेखात इंजिनाच्या तापमानमापनाचा इतिहास, रायगड किनाऱ्याची भौगोलिक परिस्थिती आणि अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळेचा १९०४ ते १९०६ या काळातील पूर्वदाखला यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. मूळ उपकरण न काढता, पूर्ववत करता येईल अशा रीतीने आणि लेखी नोंद ठेवून बसविलेला दुसरा तापमापक हा मौलिकतेचा भंग ठरत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : तापमापक, रेडिएटर, घाटरस्ते, मौलिकता, जतन, चुंबकीय वेधशाळा, अलिबाग.

१. प्रस्तावना

प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारीला १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या पद्मिनींना २०२४ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा अधिक काळ लोटलेले दुचाकी व चारचाकी वाहन, ते मूळ स्वरूपात राखलेले असल्यास, 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. म्हणजे जी मोटार कालपर्यंत आपल्या घरची 'जुनी फियाट' होती, ती आता कायद्याच्या दृष्टीने वारसावस्तू होऊ शकते.

या बदलामुळे एक साधा प्रश्न अवघड झाला आहे. अलिबाग, पेण, मुरूड किंवा श्रीवर्धन येथील एखाद्या घरी अशी मोटार चालू स्थितीत आहे. तिच्या डॅशबोर्डावरील तापमानाचा काटा विश्वसनीय राहिलेला नाही, किंवा त्यावर अंकच नाहीत, केवळ 'थंड' व 'गरम' दर्शविणारी दोन रोमन अक्षरे आहेत. मिस्त्री सांगतो, 'दुसरा मीटर लावून घ्या.' जाणकार संग्राहक सांगतो, 'मूळ गाडीला हात लावू नका.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. या दोन मतांपैकी एकाची निवड करण्याआधी मुळात मोटारीत तापमापक आला कसा, आणि उपकरणाच्या जोडीला उपकरण ठेवण्याची परंपरा काय सांगते, हे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

२. तापमापकापूर्वीचा चालक

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाके फिरविण्यासाठी उपयोगी पडते, असे मानले जाते. जवळजवळ तेवढीच उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते, व उरलेली धुरावाटे बाहेर पडते. पाण्याने आपले काम थांबविले तर काही मिनिटांतच धातू तापून प्रसरण पावतो, हेड वाकते, गॅस्केट उडते आणि इंजिन बसते. ज्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, तेथे हा धोका अधिक असतो, कारण ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या जवळपास दुप्पट होते.

असे असूनही मोटारयुगाच्या आरंभी चालकासमोर तापमापक नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही जगभर पोहोचलेली मोटार. अगदी आरंभीच्या काही गाड्या सोडल्यास तिला पाणी फिरविणारा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या निसर्गनियमावरच तिचे शीतकरण चालत असे. चालकाला इंजिनाची अवस्था कळे ती इंद्रियांद्वारे : रेडिएटरच्या झाकणातून निघणारी वाफ, तापलेल्या तेलाचा वास, चढावर कमी होत जाणारा जोर आणि बॉनेटखालून येणारी ठोकर. मात्र वाफ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असे. इंद्रियांची साक्ष खरी होती, पण ती उशिरा मिळत होती. तापमापकाचा जन्म या उशिरातून झाला.

३. बाहेरून आलेले उपकरण

१९१२च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉयस याच्या नावाने ओळखला जाणारा 'मोटोमीटर' बाजारात आला. रेडिएटरच्या झाकणावर उभा बसविलेला हा एक काचेचा तापमापक होता. त्यातील रंगीत द्रवाची रेषा चालकाला आपल्या आसनावरून, समोरच्या काचेतून दिसत असे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, हे उपकरण पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरच्या पोकळीतील हवेचे व वाफेचे तापमान दाखवीत असे. दुसरी व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, असंख्य गाड्यांवर ते कारखान्यात बसविलेले नव्हते, तर मालकाने नंतर विकत घेऊन बसविलेले होते. १९२८ ते १९३१ या काळातील 'मॉडेल ए' गाडीच्या डॅशबोर्डावरही पाण्याच्या तापमानाचा मीटर नव्हता. तो हवा असल्यास मालकाने तो स्वतंत्रपणे बसवावा, अशीच स्थिती होती. आज जगभरातील संग्राहक ज्या मोटोमीटरला जुन्या गाडीचा शिरपेच मानतात, तो मूळचा 'उपरा'च आहे.

पुढील टप्पा डॅशबोर्डावरील मीटरचा. फ्रान्समध्ये यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी वक्रनळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले होते. त्याच तत्त्वाचा उपयोग येथे झाला. इंजिनाच्या पाण्यात धातूचा एक लहान बल्ब, त्यात ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव, तेथून डॅशबोर्डापर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि मीटरच्या पोटात वक्रनळी. पाणी तापले की बल्बमधील बाष्पदाब वाढतो, वक्रनळी किंचित सरळ होते आणि काटा सरकतो. या रचनेला विजेची गरज नाही. पुढे विजेवर चालणारे मीटर आले. त्यांत इंजिनावर बसविलेला सेंडर तापमानाप्रमाणे आपला विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. ही रचना स्वस्त व बसविण्यास सोपी होती. परंतु तिचा खरेपणा बॅटरीच्या दाबावर, तारेवर आणि इंजिनाच्या अर्थिंगवर अवलंबून राहिला.

तिसरा टप्पा मापनाच्या माघारीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्वस्त गाड्यांमध्ये तापमापक पुन्हा गळला. ज्या मॉरिस मायनरवर आपल्याकडील 'बेबी हिंदुस्थान' बेतलेली होती, तिच्या डॅशबोर्डावर तो नव्हता. १९५९च्या साध्या मिनी गाडीतही तो नव्हता. १९६१च्या वरच्या दर्जाच्या मिनीत तो देण्यात आला. याउलट युद्धासाठी तयार झालेल्या विलीस जीपमध्ये मात्र पाण्याच्या तापमानाचा मीटर होता. तापमान कळणे ही कधी गरज, तर कधी चैन मानली गेली. म्हणजे कारखान्याने दिलेला डॅशबोर्ड हा केवळ तांत्रिक नव्हे, तर किमतीचाही निर्णय होता. त्याला अंतिम प्रमाण मानताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

४. भारतीय मोटारीचे दीर्घायुष्य

भारतात हा प्रश्न इतरत्र झाला त्याहून तीव्र का झाला, याचे कारण आपल्या औद्योगिक इतिहासात आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत सुट्या भागांपासून गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. महिंद्र कंपनीने विलीस जीप मुंबईत माझगाव येथे जोडण्यास प्रारंभ केला. १९५३ नंतर देशातच भाग तयार करणाऱ्या मोजक्या कंपन्यांनाच वाव देण्याचे धोरण आले आणि केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी आपले कारखाने बंद केले.

त्यानंतरची सुमारे तीन दशके भारतीय ग्राहकाला निवड फार थोडी होती व प्रतीक्षा फार मोठी होती. परिणामी एकेक गाडी वीस-पंचवीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ रस्त्यावर राहिली. १९६४ मध्ये आलेली फियाट ११००-डी, पुढे 'प्रेसिडेंट' आणि त्यानंतर 'पद्मिनी' अशा नावांनी, तेच १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन मुख्यत्वे कायम ठेवून, शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

या दीर्घायुष्याचे श्रेय मिस्त्रींना द्यावे लागेल. त्यांच्या हातून गाड्या वाचल्या. पण त्याचबरोबर गाड्या बदललेही गेल्या. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा त्यांतील सर्वांत परिचित उपाय. त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते, आणि मूळ तापमापकाचा काटा कायम खालच्या बाजूला राहतो. पुढे रेडिएटर खरोखरच तुंबला की तोच काटा वर चढून मधोमध येतो, आणि चालक समजतो की सर्व काही ठीक आहे. अशा रीतीने एका बदलामुळे मूळ उपकरण सदोष न होताही दिशाभूल करू लागते. 'मूळ मीटर आहे ना, मग पुरे' हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. मीटर मूळ असला तरी त्याच्यामागचे इंजिन मूळ अवस्थेत आहेच असे नाही.

५. रायगड किनारा : समुद्रसपाटी, घाट आणि खारी हवा

१ जानेवारी १९८१ पर्यंत 'कुलाबा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याची भूरचना इंजिनाच्या परीक्षेसाठीच जणू आखली आहे. एका बाजूला समुद्र व खाड्या, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि दोहोंमधील अंतर थोडे. १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रस्ता खोपोलीहून वर चढतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे, तर महाडहून वरंधा घाट भोरकडे जातो. कोकणातून देशावर जायचे तर चढ टळत नाही.

या चढात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, खालच्या गिअरमध्ये इंजिनावरचा भार वाढतो आणि गाडीचा वेग घटल्याने रेडिएटरवर येणारी हवा कमी होते. दुसरी, उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. अलिबागच्या किनाऱ्यावर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यास ते ९८ अंशांच्या आसपास, तर सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरणारे असेल तर पाण्याला सवलत मिळते. वातावरणापेक्षा अर्धा बार अधिक दाब असल्यास समुद्रसपाटीवर उत्कलनबिंदू सुमारे १११ अंशांवर जातो. परंतु झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झाले, तर ही सवलत नाहीशी होते, आणि तसे झाल्याचे डॅशबोर्डावर कोठेही दिसत नाही. तिसरी गोष्ट वाऱ्याची. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात वारा समुद्राकडून पूर्वेकडे वाहतो आणि घाट चढणारी गाडीही पूर्वेकडेच तोंड करून असते. ताशी वीस किलोमीटर वेगाने चढणाऱ्या गाडीच्या पाठीशी तेवढ्याच वेगाचा वारा असेल, तर रेडिएटरला पंख्याखेरीज अन्य वारा जवळजवळ मिळतच नाही. घाटात गाडी थांबवायची तर तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, या व्यवहारज्ञानामागे हेच कारण आहे.

किनाऱ्याची स्वतःची अडचण वेगळी आहे. खारी हवा लोखंडाला खाते हे सर्वांस ठाऊक आहे, परंतु ती उपकरणांनाही खाते. विजेच्या मीटरचा प्रवाह सेंडरमधून इंजिनाच्या धातूत आणि तेथून अर्थिंगच्या पट्टीने बॅटरीकडे परततो. या मार्गात गंज शिरला की विद्युत्‌रोध वाढतो. बहुसंख्य जुन्या मीटरांत, जेथे तापमान वाढले की सेंडरचा रोध कमी होतो, तेथे अशा गंजामुळे काटा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवितो. चूक होते ती धोक्याच्या बाजूने. त्यात किनाऱ्याजवळच्या विहिरींचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये पडत राहिले, तर आतल्या बाजूनेही क्षार साचतात व नळ्या कुजतात. आगरदांडा–दिघी किंवा बागमांडला–वेश्वी येथे गाडी फेरीबोटीतून खाडी ओलांडते, तेव्हा तिच्या बॉनेटखाली शिरणारी हवा ही उघड्या समुद्राचीच हवा असते.

६. अलिबागचा पूर्वदाखला

एका उपकरणावर विसंबावे की त्याच्या शेजारी दुसरे ठेवावे, हा प्रश्न रायगड किनाऱ्याला नवा नाही. शतकापूर्वी याच किनाऱ्यावर तो फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला होता, आणि त्याचे कारणही वाहतुकीतील बदल हेच होते.

मुंबईतील कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना जमिनीत झिरपतो, आणि अशा भटक्या प्रवाहामुळे संवेदनशील चुंबकीय उपकरणांच्या नोंदी बिघडतात. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी यावर उपाय म्हणून अलिबागची निवड केली. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, समुद्राच्या पलीकडे, तेथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. इमारतीत लोखंड टाळण्यात आले, आणि उपकरणांच्या खोलीतील तापमान शक्य तितके स्थिर राहील अशी रचना करण्यात आली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब पुढेच आहे. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी लगेच बंद करण्यात आल्या नाहीत. १९०६ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन्ही मालिकांमधील फरक निश्चित झाला, आणि मगच जुनी मालिका थांबली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. या दूरदृष्टीमुळे कुलाबा व अलिबाग मिळून जगातील दीर्घ व अखंड चुंबकीय नोंदींपैकी एक मालिका सिद्ध झाली. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ती पुढे चालवीत आहे.

या इतिहासातून तीन तत्त्वे हाती येतात. नवे उपकरण आले म्हणून जुने लगेच फेकू नये. दोन्ही काही काळ एकत्र चालवून त्यांतील फरक लिहून ठेवावा. आणि उपकरणाभोवतीची परिस्थिती, विशेषतः जमिनीतून परतणारा प्रवाह, उपकरणाइतकीच तपासावी. वेधशाळा आणि मोटार यांच्या आकारमानात व महत्त्वात तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. तथापि मापनाची शिस्त दोन्हीकडे एकच आहे.

७. दुसरा तापमापक : रीत आणि मर्यादा

उपरोक्त तत्त्वे मोटारीला लावली असता पुढील रीत प्राप्त होते. मूळ मीटर, त्याचा सेंडर व तार जागेवरच ठेवावी. दुसऱ्या तापमापकासाठी इंजिनाच्या हेडला नवे छिद्र पाडू नये. हेडवर मुळातच बूच लावलेले एखादे वापरात नसलेले छिद्र असेल, तर ते वापरावे. नसेल तर इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप कापून त्यात धातूचा जोड बसवावा आणि बल्ब त्यात घालावा. मूळ होज पाइप जपून ठेवून कापण्यासाठी नवा वापरणे इष्ट. खालच्या पाइपात बल्ब बसविल्यास तो रेडिएटरमधून थंड होऊन आलेल्या पाण्याचे तापमान दाखवील. त्याचा चालकाला उपयोग नाही. दुसरा मीटर विजेचा असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहावी. दोन्ही बाजूंना रबरी पाइप असलेला हा जोड इंजिनाच्या धातूपासून तुटलेला असतो, म्हणून त्यास स्वतंत्र अर्थिंगची तार द्यावी लागते. किनाऱ्यावर बारीक नळीचा यांत्रिक मीटर अधिक भरवशाचा, कारण त्याचे काम विजेवर व गंजलेल्या जोडांवर अवलंबून नाही. मात्र ती नळी कापता वा तीव्र कोनात वाकविता येत नाही. डॅशबोर्डाचा पत्रा न कापता मीटर खालच्या कडेला पट्टीवर बसवावा.

गाडीत बसविण्यापूर्वी बल्ब उकळत्या पाण्यात धरून पाहावा. येथे किनाऱ्यावरील माणसाला एक नैसर्गिक सोय आहे. समुद्रसपाटीवर उकळत्या गोड्या पाण्याचे तापमान १०० अंश असते आणि हवेच्या दाबातील नेहमीच्या चढउतारांनी त्यात अंशाच्या अपूर्णांकाइतकाच फरक पडतो. म्हणून अलिबागच्या स्वयंपाकघरातील पातेले हे मीटर तपासण्याचे चांगले साधन आहे. महाबळेश्वरास हीच तपासणी केली, तर योग्य मीटरही चार-साडेचार अंश कमी दाखवील आणि मालक त्यास विनाकारण सदोष ठरवील. त्यानंतर दोन्ही मीटर चालू ठेवून सपाट रस्ता, गर्दी व घाट अशा तीन स्थितींत नोंदी घ्याव्यात. मूळ काटा अमुक खुणेवर असताना दुसरा मीटर किती अंश दाखवितो, हे एकदा कागदावर आले की मूळ मीटरवरील मुक्या अक्षरांना अंकांचा अर्थ प्राप्त होतो. दुसऱ्या मीटरचे खरे कार्य मूळ मीटरची जागा घेणे हे नसून त्याचे वाचन शक्य करणे हे आहे.

याची मर्यादाही स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पाण्यात बुडालेला बल्ब पाण्याचे तापमान सांगतो, इंजिनाचे नव्हे. होज फुटून पाणी निघून गेले तर बल्ब हवेत उघडा पडतो, आणि आतील धातू तापत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो. दोन्ही मीटर पाण्यावरच अवलंबून असतील तर ते एकाच वेळी चुकतील. साक्षीदार दोन असले तरी दोघांनी एकाच खिडकीतून पाहिले असेल, तर त्यांना दोन म्हणता येत नाही. म्हणून घाटात नियमित जाणाऱ्या गाडीसाठी दुसरे मापन हेडच्या धातूचे असणे अधिक उपयुक्त ठरते. त्यासाठी स्पार्क प्लगखाली बसणारे कडे मिळते. दोन धातूंच्या जोडावर तापमानफरकामुळे विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे १८२१ मध्ये झेबेकच्या प्रयोगांतून पुढे आलेले तत्त्व त्यात वापरलेले असते. त्याचे आकडे पाण्याच्या आकड्यांहून वेगळे असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

८. मौलिकतेचा प्रश्न

२०२१च्या नियमांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. पट्टीवर बसविलेला मीटर आणि होज पाइपातील जोड हे सुटे भाग असून काही मिनिटांत काढता येतात. त्यांना इंजिनातील मोठा फेरफार म्हणणे शब्दार्थाने व तर्कानेही कठीण आहे. हेडला पाडलेले नवे छिद्र मात्र परत बुजविता येत नाही. फरक वस्तूत नसून कृतीच्या स्वरूपात आहे.

जतनशास्त्राची भूमिकाही याच दिशेने जाते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद तयार झाली. तिचा आदर्श समोर ठेवून जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. वाहनाच्या इतिहासाचा आदर, आवश्यक तेवढाच हस्तक्षेप, शक्यतो पूर्ववत करता येणारे बदल आणि त्यांची नोंद, हा तिचा गाभा आहे. सुरक्षित वापरासाठी केलेली लहान भर या चौकटीत बसते. गुपचूप केलेला, न नोंदविलेला आणि कायमचा बदल बसत नाही.

याउलट बाजूही विचारात घ्यावी लागेल. मौलिकतेच्या आग्रहापोटी मीटर नाकारला, आणि वरंधा घाटात हेड वाकले, तर काय जाते? मूळ गॅस्केट, मूळ हेड, कदाचित मूळ ब्लॉकही. त्यांच्या जागी येणारे भाग दुसऱ्या गाडीचे असतील. एक मीटर टाळून इंजिन बदलावे लागणे ही मौलिकतेची जपणूक म्हणता येणार नाही. गाडी न चालवता झाकून ठेवणे हा पर्याय उरतो. परंतु खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर झिजते, हे किनाऱ्यावरील प्रत्येक मिस्त्री जाणतो.

९. निष्कर्ष

१. इंजिनाचा तापमापक हा इतिहासतः बाहेरून जोडलेल्या उपकरणाच्या रूपानेच लोकप्रिय झाला. त्यामुळे 'जोडलेला मीटर म्हणजे अनैतिहासिक' हे विधान टिकत नाही.

२. भारतीय गाड्यांचे दीर्घायुष्य व त्यांतील दुरुस्त्या पाहता मूळ मीटर असणे आणि मूळ मीटर खरे सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३. रायगड किनाऱ्यावर समुद्रसपाटी, घाट, पाठीचा वारा आणि खारी हवा ही परिस्थिती एकत्र येत असल्याने येथे दुसऱ्या मापनाची गरज अधिक आहे.

४. कुलाबा–अलिबाग येथील १९०४–१९०६ची समांतर नोंद हा दोन उपकरणे एकत्र चालविण्याच्या शिस्तीचा आदर्श आहे.

५. भर घालताना मूळ भाग राखणे, बदल पूर्ववत करता येणे आणि लेखी नोंद ठेवणे या तीन अटी अनिवार्य मानाव्यात.

यांतील शेवटची अट महाविद्यालयीन अध्यापकांच्या विशेष लक्षात आणून द्यावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यात फियाट, जीप व ॲम्बेसिडर यांची इंजिने हाताच्या स्पर्शाने ओळखणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. कोणत्या वर्षी कोणता भाग मिळत नव्हता, त्याजागी काय बसविले, घाटात गाडी कशी थंड केली, ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही. ती त्यांच्या स्मरणात आहे. इतिहास व भौतिकशास्त्र या दोन विभागांनी मिळून अशा मिस्त्रींच्या मुलाखती नोंदविल्या आणि एखाद्या जुन्या गाडीत दोन तापमापक बसवून अलिबाग ते महाबळेश्वर या मार्गावरील नोंदी विद्यार्थ्यांकडून घेतल्या, तर मौखिक इतिहास व प्रत्यक्ष मापन शेजारी-शेजारी ठेवता येईल. कुलाब्याची व अलिबागची उपकरणे ज्या किनाऱ्याने दोन वर्षे समांतर चालताना पाहिली, त्याच किनाऱ्यावरील महाविद्यालयांना हे काम परके वाटू नये.